जुना संगणक, नवी डीव्हीडी: प्लेयर बदलावा की ड्राइव्ह?

जुन्या डीव्हीडी सुरळीत चालतात, नवी घातली की मात्र ड्राइव्ह नुसता घरघरत बसतो. या दुखण्यावर साधारण दोन उपाय सुचवले जातात: चांगला विकतचा प्लेयर, म्हणजे संगणकावर चित्रपट चालवणारा प्रोग्राम, टाका, किंवा यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. मी दोन्ही केलं, याच क्रमाने. क्रम उलटा असता तर पहिला खर्च बहुधा वाचला असता.

व्हीएलसी हा प्लेयर टाकून पाहिला आहे असं मी धरून चालतो. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ सिस्टिममधून गेली, त्यामुळे डिस्क मुळात उघडतच नसेल तर दोष डिस्कचा किंवा ड्राइव्हचा असेलच असं नाही. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर, म्हणजे डिस्कवरचं चित्र-आवाज उलगडणारे भाग, घेऊन येतो, फुकट आहे, पुष्कळांचं काम तिथेच भागतं. आणि वेष्टनावर ब्लू-रे लिहिलेलं नाही ना, तेही बघून घ्या. त्याला ४०५ नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीचा असतो ६५० चा. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही.

आता विकतच्या प्लेयरविषयी. त्याची बाजू कमकुवत नाही. मेनू नीट उघडतात, उपशीर्षकं चटकन सापडतात, आणि माझ्या डोळ्यांना तरी चित्र थोडं स्वच्छ वाटलं. शिवाय २००५ च्या सुमारास डिस्कची नक्कल होऊ नये म्हणून आर्कोस, रिपगार्ड अशी संरक्षणं आली, त्यात डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे तुकडे, पेरलेले असतात. टीव्हीला जोडलेला प्लेयर डिस्कवरच्या सूचनांप्रमाणे जातो, त्यामुळे सहसा त्या जागी फिरकत नाही. संगणकावरचा एखादा जुना प्रोग्राम मात्र तिथे जाऊन अडकतो. दुखणं हेच असेल, म्हणजे डिस्क सुरुवातीलाच किंवा मेनूपाशी अडत असेल, तर प्लेयर बदलून गुण येऊ शकतो. व्हीएलसीत डिस्क उघडताना 'मेनू नको' असा पर्याय असतो, पैसे खर्च करण्याआधी तोही वापरून बघा.

माझी अडचण वेगळी होती. चित्रपट सुरू व्हायचा, तास-सव्वा तास मजेत चालायचा आणि मग चित्र गोठायचं. ड्राइव्हमधून टक-टक, मग क्षणभर शांतता, पुन्हा टक-टक. आई शेजारी बसून बघत असायची, ती दर वेळी विचारायची, "संपला का रे?" विकतचा प्लेयर टाकल्यावरही तेच. फरक इतकाच की व्हीएलसी अडखळत का होईना पुढे सरकायचा, आणि हा काही न सांगता बंद पडायचा. पुन्हा उघडा, पुन्हा मेनू, पुन्हा तो प्रसंग शोधा. एका संध्याकाळी हे तीनदा झालं आणि आई उठून झोपायला गेली. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कारण नंतर समजलं. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. चित्रपटाच्या डिस्कवर लेझर पहिला थर आतून बाहेर वाचत जातो, कडेला पोचल्यावर दुसऱ्या थरावर फोकस साधतो आणि तिथून आत येतो. म्हणजे थर बदलायचा तो नेमका कडेला, जिथे डिस्क जरा वाकडी असली तर हेलकावा सगळ्यात जास्त. त्यात दोन थरांच्या डिस्कवरून प्रकाशही कमी परततो: एका थराच्या डिस्कवरून ४५ ते ८५ टक्के, दोन थरांच्या डिस्कवरून जेमतेम १८ ते ३०. लेझर थकलेला असला तर पहिल्या प्रकारची डिस्क तो ओढून नेतो, दुसरीपाशी हात टेकतो. माझ्याकडच्या जुन्या डिस्क बहुतेक एका थराच्या होत्या, नव्या दोन थरांच्या. नवं-जुनं असा काही प्रश्नच नव्हता.

तुमची डिस्क कोणती हे पाहणं सोपं आहे. डिस्कच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. वापरलेली जागा साधारण ४.४ जीबीच्या वर दिसली तर ती दोन थरांची. अशाच डिस्क मध्यावर अडत असतील, तर माझ्या मते प्लेयरवर पैसे घालू नयेत.

बाहेरच्या ड्राइव्हलाही खोड आहे. तो वीज यूएसबीतूनच घेतो, आणि यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपियरच मिळायचे. पुढच्या पोर्टला लावला तेव्हा डिस्क वेग घेताना ड्राइव्ह मध्येच गायब व्हायचा, मागच्या पोर्टला लावल्यावर थांबलं. दोन पोर्टांना लावायची दोन तोंडांची केबल मिळाली तर अधिक बरं. आवाजही थोडा जास्त येतो. पण थर बदलताना आता चित्र अर्धा सेकंद थबकतं, इतकंच.

नव्या ड्राइव्हबरोबर आणखी एक गोष्ट मिळते. ड्राइव्हचा रीजन, म्हणजे जगाच्या कुठल्या भागातल्या डिस्क तो चालवणार ते, पाचदाच बदलता येतो आणि ती मोजणी ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्याच प्रोग्राममध्ये, राहते, विंडोज नव्याने टाकून काही होत नाही. वेगवेगळ्या देशांच्या डिस्क लावून जुन्याची मुदत संपली असेल, तर नव्यात बहुधा पाचही संधी शिल्लक असतात. पहिल्यांदा विचारेल तेव्हा घाईने 'हो' म्हणू नका.

जमलं तर आधी कोणाचा तरी बाहेरचा ड्राइव्ह एका संध्याकाळपुरता मागून आणा आणि अडणारी डिस्क मध्यापर्यंत पुढे नेऊन बघा. तिथेही ती त्याच जागी अडली, तर डिस्कच सदोष असेल, ती बदलून घ्या.