डी५ व्हेरिओ पंप: खरी परीक्षा हवा काढताना

कॉम्प्युटरच्या कस्टम वॉटर कूलिंगसाठी (प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड ठेवणारी, स्वतः जोडलेली रचना) पंप निवडताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: ताशी किती लिटर पाणी फिरवतो आणि आवाज किती करतो. लेंगच्या डी५ मध्ये (हल्ली झायलेमच्या नावाने येतो) त्यावर वाद घालण्यासारखं फार काही नाही. १२ व्होल्टवर चालतो, ताशी १५०० लिटरपर्यंत फिरवतो, पाणी जवळजवळ ४ मीटर उंच ढकलतो. हे आकडे पीडब्ल्यूएम (वेग मदरबोर्डच्या सिग्नलवर ठरतो) आणि व्हेरिओ (वेग हाताने ठरवायचा) या दोन्ही प्रकारांना सारखेच लागू. फरक दिसतो तो लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याच्या बंद मार्गात, पहिल्यांदा पाणी भरताना, आणि तिथे जुन्या वळणाचा व्हेरिओ सरळ बाजी मारतो.

कारण साधं आहे. पाणी भरताना मदरबोर्डला वीज द्यायची नसते. २४ पिनची केबल, प्रोसेसरची ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डची वायर काढून ठेवायची, पॉवर सप्लायला जंपर प्लग (बोर्डशिवाय तो चालू करणारा) लावायचा आणि मोलेक्सवरून (पॉवर सप्लायच्या चार पिनच्या प्लगवरून) एकट्या पंपाला वीज द्यायची. बोर्डच बंद, म्हणजे पीडब्ल्यूएमचा सिग्नल नाही. पंप स्वतःच्या ठरलेल्या वेगाने फिरत राहतो, तो कमी-जास्त करायची सोय उरत नाही. व्हेरिओच्या बुडाशी १ ते ५ आकड्यांची छोटी चकती असते. पातळ स्क्रूड्रायव्हरने ती फिरवली की वेग मिनिटाला १८०० ते ४८०० फेऱ्यांमध्ये हवा तसा ठेवता येतो. (जंपरच्या जागी वायरीचा तुकडा खुपसणारे अजून आहेत. पूर्वी हिरवी आणि काळी जोडली की काम व्हायचं, पण आता बऱ्याच पॉवर सप्लायच्या सगळ्या वायरी काळ्या येतात. तयार प्लग घ्या.)

वेग हातात असण्याचं एवढं कौतुक का? पंपाच्या पोटात बघा. डी५ ला दांडा नाही, सील नाही. वाटीच्या आकाराचा रोटर सिरॅमिकच्या बारीक गोळीवर टेकून फिरतो आणि त्याचं वंगण म्हणजे तेच पाणी. रोटरला जोडलेला पाणी ढकलणारा पंखा फिरला की जड पाणी कडेला फेकलं जातं आणि हलकी हवा मधोमध गोळा होते. मग पंप घूं करत राहतो, पाणी मात्र जागचं हलत नाही. अशा वेळी वेग वाढवणं ही नेहमीची चूक. हवेचा गोळा आणखी घट्ट बसतो आणि बेअरिंग कोरडं घासतं. पंप बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. टाकी पंपाच्या डोक्यावर असेल तर बुडबुडा आपोआप वर निघतो. म्हणूनच मोटर वर आणि पंखा खाली असा हा पंप कधीही उलटा बसवू नये.

भरायची पद्धत अशी. ३६० चा (तीन १२० मिमी पंख्यांचा) एक रेडिएटर, दोन ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी जाणारे ठोकळे) आणि मध्यम टाकी असेल तर साधारण लिटरभर मिश्रण लागतं. सव्वा लिटर करून ठेवा. बरीच कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळायची घट्ट द्रावणं) १०० मिलीला ९०० मिली डिस्टिल्ड पाणी या प्रमाणात असतात, तरी बाटलीवरचं लेबल वाचा. घरच्या आरओचं पाणी चालत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी चालतं, फक्त कॅनवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलेलं हवं. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा. टाकी भरा, चकती २ वर ठेवून पंप तीन-चार सेकंद चालवा आणि पाणी टाकीच्या तळाच्या छिद्रापर्यंत उतरण्याआधी बंद करा. पुन्हा भरा. अशा आठ-दहा फेऱ्या सहज होतात, घाई करू नका.

पातळी स्थिरावली की खरा खेळ सुरू. चकती ५ वर नेऊन अर्धा मिनिट चालवा: जोराचा प्रवाह ब्लॉकच्या बारीक खाचांमधले बुडबुडे ओढून टाकीत आणतो. पण ५ वरच ठेवलं तर टाकीतलं पाणी ताकासारखं घुसळतं आणि तेच बुडबुडे पुन्हा पंपात जातात. म्हणून लगेच १ किंवा २ वर या आणि त्यांना वर येऊ द्या. पाणी पांढुरकं दिसायचं थांबलं की पुन्हा ५. बुडबुडे लवकर सुटावेत म्हणून भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, फेस होतो.

रेडिएटरची हवा निव्वळ वेगाने निघत नाही. टाकीचं झाकण घट्ट लावा, टाकी जवळजवळ काठोकाठ भरा, पंप बंद ठेवा आणि कॅबिनेट तिरकं करा, रेडिएटरचं फिटिंगचं टोक सगळ्यात वर येईल असं. मग चकती १ वर ठेवून थोडा वेळ चालवा. तळाचं छिद्र मात्र सतत पाण्याखाली हवं. काचेचं कॅबिनेट असेल तर दुसरा माणूस हाताशी ठेवा. पोर्ट खाली ठेवून पुढच्या बाजूला उभा बसवलेला रेडिएटर सगळ्यात छळतो, कारण हवा वरच्या टोकाला जाऊन बसते.

पंपाच्या तक्रारीही आहेत. चकती बुडाशी असल्याने पंप तळाला टेकवून बसवला की तिथे स्क्रूड्रायव्हर जात नाही, त्यामुळे स्टँड लावतानाच बोटभर जागा सोडा. तापमानाप्रमाणे वेग आपोआप बदलत नाही. पण एकदा ३ वर ठेवला की बहुतेक लूपना पुष्कळ, आवाजही अंगावर येत नाही. ५ वर मात्र कॅबिनेटचा पत्रा घुमतो, खाली रबर किंवा स्पंज लागतोच. आणि पूर्ण वेगात हा पंप २३ वॉटच्या आसपास खातो, मदरबोर्डच्या साध्या फॅन हेडरची (पंखा जोडायच्या पिनांची) झेप बहुधा १२ वॉटचीच. वीज नेहमी मोलेक्समधूनच घ्या.

पहिल्या आठवड्यात टाकीची पातळी थोडी उतरते. ती गळती असेलच असं नाही, टिश्यू कोरडे असतील तर उरलेली हवा बाहेर पडली एवढंच. तेवढं पाणी घाला, वर सेंटिमीटरभर मोकळी जागा ठेवा आणि झाकण लावा.