नंबरच्या स्नॉर्कल मास्कचा अनुभव: स्विमिंग पूल, तारकर्ली आणि अंदमान

अंदमानला जायचं ठरलं की विमान, हॉटेल आणि बोटीची तिकिटं यावर घरोघरी चर्चा होते. चष्मा असलेल्यांनी त्याच यादीत स्नॉर्कलिंगचा, म्हणजे नळीने श्वास घेत तरंगताना पाण्याखालचं पाहायचा, मास्कही धरावा. भाड्याच्या मास्कला बहुतेक वेळा साधी काच असते. आत चष्मा घालता येत नाही, कारण काड्यांच्या फटीतून पाणी शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावून समुद्रात उतरू नका, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, कारण जंतुसंसर्गाची भीती असते. माझा नंबर मायनस साडेचार. त्यामुळे गेल्या पावसाळ्यातच दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या नंबरच्या काचा बसवता येतील असा मास्क घेतला.

या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांनी येतात. सिलिंड्रिकल, म्हणजे दृष्टिवैषम्याचा, नंबर त्यात मिळत नाही. तो असेल तर त्याच्या सर्वांत जवळ जाणारा साधा नंबर चष्मेवाल्याकडून काढून घ्या. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. माझ्या भावाला मिशीमुळे कडेने पाणी येत होतं, मिशी बारीक केल्यावर थांबलं.

नव्या मास्कच्या काचेवर सिलिकॉनचा पातळ थर असतो आणि तो असेपर्यंत वाफ धरत राहते. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा चोळून धुतल्यावर फरक पडला. उतरण्याआधी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून फिरवायचा आणि हलकं विसळायचं. महिने झाले, हीच पद्धत चालू आहे.

सराव आधी पूलमध्ये केला, मग पावसाळा संपल्यावर तारकर्लीला. तिथलं पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पण नळीत शिरलेलं पाणी जोरात फुंकून बाहेर टाकायची सवय लाटांतच लागते. ही सवय असेल तर अंदमानच्या एलिफंट बीचवर गाइडने रिंग धरून ओढत नेताना जीव घाबरत नाही.

आणि मग तिथे जे दिसलं! महाकाय शिंपल्याच्या ओठावरचे निळे ठिपके वेगवेगळे दिसत होते. मी जवळ गेले तसा तो हळूच मिटला. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तो कर्र आवाज पाण्यात ऐकू येतो, पण ते दात मला पहिल्यांदाच दिसले. स्वच्छ दिसतं तेव्हा मेलेलं प्रवाळही दिसतं. 2010 मध्ये समुद्र तापून अंदमानचं खूप प्रवाळ पांढरं पडलं होतं. शेवाळ चढलेल्या करड्या फांद्या पाहून वाईट वाटतं. म्हणूनच फिन्सनी (पोहताना पायात घालायच्या रबरी पंखांनी) किंवा पायांनी त्याला धक्का लागू देऊ नका, आणि तुकडाही उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

दिवस आखताना भरती-ओहोटी आधी बघा. आपल्याकडचा तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा हिशेब तिथे धरू नका, पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचं, वेळापत्रक पाहा. नील, म्हणजे आताचं शहीद द्वीप, इथे ओहोटीला भरतपूर किनाऱ्याचा खडक उघडा पडतो आणि स्नॉर्कलिंग जमत नाही. त्याच वेळी लक्ष्मणपूरजवळची दगडी नैसर्गिक कमान मात्र चालत जाऊन बघता येते. हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे पाण्यातलं सगळं सकाळी ठेवा.

तक्रार एकच: पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल कमकुवत आहे. एका बाजूचं तारकर्लीतच तडकलं. विक्रेत्याने सुटं बक्कल द्यायला बरेच दिवस लावले, म्हणून जाताना जादा पट्टा सोबत ठेवला. मास्कच्या कडेचं सिलिकॉन अजून मऊ आहे आणि पिवळं पडलेलं नाही. दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकते. नंबर दोनच्या वर असेल तर हा खर्च नक्की करा. नंबर त्याहून कमी असेल तर भाड्याच्या मास्कवर भागेल, पण नळी तरी स्वतःचीच न्या.