पावसाळाभर वापरलेला व्हीआर हेडसेट: तो चालतो कसा आणि मुंबईच्या घरात टिकतो कसा

व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, डोळ्यांवर चढवून आभासी जगात नेणारा हेडसेट घेतला मे महिन्यात. आता मुंबईत जिला थंडी म्हणतात ती सुरू झाली आहे, म्हणजे ऊन, पाऊस आणि ऑक्टोबरचा घाम असं सगळं या यंत्राने माझ्याबरोबर काढलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या वर्गातल्या जवळपास सगळ्याच हेडसेटना लागू आहे. हा ‘स्टँडअलोन’ प्रकारातला आहे. प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरे, स्पीकर सगळं डोक्यावरच्या डब्यात, कॉम्प्युटर नसला तरी चालतो. वजन साधारण अर्धा किलो. मी इंटिरिअरची कामं करते, ऑफिस दादरला आणि घर परळला, वन बीएचके. घेताना अर्धं कारण काम होतं आणि अर्धं नवऱ्याची हौस.

निकाल आधीच सांगते: कामासाठी पैसे वसूल, घरात मात्र हौस बरीच ओसरली. आणि ओसरली ती चित्राच्या दर्जामुळे नाही. चित्र छान आहे. फिरायला जागा करण्यासाठी टीपॉय रोज कोण हलवणार, हा खरा प्रश्न आहे.

पण आधी हे चालतं कसं ते सांगू दे, कारण ते कळलं की निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच मिळतं. प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळ्या कोनातून घेतलेलं चित्र दाखवलं की मेंदू त्यातून कुठली वस्तू किती जवळ-लांब आहे ते काढतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच आरशांचं उपकरण बनवून दाखवलं होतं. आपल्या दोन बुबुळांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं, तेवढ्या फरकाची ही करामत. पण नुसत्या दोन चित्रांनी ‘आपण तिथे आहोत’ असं वाटत नाही. मान वळवली की चित्रही वळलं पाहिजे, वाकलं की टेबलाखालचं दिसलं पाहिजे. ते पहिल्यांदा जमवलं इव्हान सदरलंड यांनी, १९६८ मध्ये, आणि ते यंत्र इतकं अवजड होतं की छतालाच टांगावं लागायचं. पुढे कित्येक वर्षं हा प्रयोगशाळांचा आणि विमानदलांचा खेळ राहिला. मोबाइलमुळे बारीक स्क्रीन, स्वस्त सेन्सर आणि छोटे प्रोसेसर मुबलक झाले तेव्हा कुठे तो घरात शिरला. हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलस कंपनीने २०१२ मध्ये किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून पैसे उभे केले आणि दोनच वर्षांत फेसबुकने ती कंपनी घेतली.

डोळ्यासमोर चार-पाच सेंटिमीटरवर स्क्रीन धरली तर आपल्याला काहीच दिसणार नाही. म्हणून मध्ये भिंग असतं, ते त्या स्क्रीनला दोनेक मीटर लांब असल्यासारखं भासवतं. भिंगामुळे चित्राच्या कडा ताणल्या जातात, म्हणून सॉफ्टवेअर आधीच चित्र उलट्या बाजूने फुगवून पाठवतं आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. या भिंगाचा एक अनपेक्षित फायदा म्हणजे फक्त चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांना तो आत बहुतेक लागत नाही, कारण जवळचं असं काही नसतंच, सगळं दोनेक मीटरवर. माझ्या सासूबाई यावर भलत्याच खूश आहेत. लांबचा नंबर असेल तर मात्र चष्मा हवा, आणि चष्म्याची काच भिंगाला घासली तर दोन्हींवर चरे. चष्मा आणि भिंगात अंतर ठेवणारा, सोबत येणारा स्पेसर लावाच. रोज वापरणार असाल तर नंबरच्या वेगळ्या काचा बनवून बसवता येतात.

आता ट्रॅकिंग. हेडसेटमध्ये जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर असतात, ते सेकंदाला शेकडो वेळा सांगतात की डोकं किती आणि कुठे फिरलं. ते वेगवान असतात, पण त्यांची छोटी चूक साचत जाते. म्हणून बाहेरच्या बाजूचे कॅमेरे खोलीतले कोपरे, फोटोफ्रेम, कपाटाच्या कडा अशा खुणा टिपतात आणि हिशोब दुरुस्त करत राहतात. डोळे मिटून खोलीत चालणाऱ्याने दर दोन पावलांनी पटकन डोळे उघडून बघावं, तसं हे चालतं. हातात धरायच्या कंट्रोलरमध्ये आपल्याला न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात, तेही याच कॅमेऱ्यांना दिसतात. म्हणून हात पाठीमागे नेला की कंट्रोलर थोडा वेळ अंदाजाने चालतो.

हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं उलगडतं. आमच्या ऑफिसातल्या नव्याने रंगवलेल्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर तो गोंधळायचा, कारण कॅमेऱ्याला धरायला खूणच नाही. दोन कॅलेंडरं लावली, प्रश्न मिटला. घरात आरसा लावलेलं स्लायडिंगचं कपाट आहे, त्यात त्याला दुसरीच खोली दिसते, म्हणून वापरताना आम्ही त्यावर चादर टाकतो. अंधारात तर तो आंधळाच. ट्यूबलाइट लागतेच. हेडसेट परदेशातून आणवला असेल तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सीचा पर्याय आहे का बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६०, आणि दिव्यांची आपल्याला न दिसणारी लुकलुक विजेच्याच हिशोबाने होते. ती सेटिंगशी जुळली नाही तर कॅमेरे गोंधळू शकतात.

मळमळ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. डोकं हललं आणि त्याप्रमाणे चित्र बदललं, यात साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. स्क्रीन सेकंदाला ९० वेळा बदलत असेल तर एका चित्राला मिळतात जेमतेम ११ मिलिसेकंद. तेवढ्यात चित्र पूर्ण झालं नाही तर हेडसेट आधीचंच चित्र डोक्याच्या ताज्या स्थितीप्रमाणे सरकवून दाखवतो. ही युक्ती इतकी सफाईदार आहे की सहसा कळतही नाही. त्यामुळे चांगल्या हेडसेटमध्ये नुसतं उभं राहून इकडेतिकडे बघितलं तर फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो डोळे म्हणतात ‘चाललोय’ आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं ‘जागेवरच आहोत’ तेव्हा. रोलर कोस्टरचा व्हिडिओ म्हणजे या भांडणाचं आमंत्रणच, आणि नेमका तोच व्हिडिओ लोक पाहुण्यांना पहिला दाखवतात! नवऱ्याला काही होत नाही, मला कंट्रोलरवरची स्टिक ढकलून चालायच्या गेममध्ये पाच मिनिटांत लिंबू-सरबत लागतं. ‘टेलिपोर्ट’ निवडलं की मीही ठीक असते: बोट दाखवायचं आणि थेट तिथे पोहोचायचं, मधला प्रवासच नाही. अंगावर पंख्याचा वारा असला की आणखी बरं वाटतं.

पंख्यावरून आठवलं. हेडसेट चालू करताना जमिनीवर एक रेघ आखून घेतो, तिच्याजवळ गेलं की जाळी दिसते. पण ही हद्द चारही बाजूंची, वरची नव्हे. छताचा पंखा त्याच्या हिशोबातच नाही. आमच्याकडे छत आधीच बुटकं, त्यात नवरा उंच आणि गेम क्रिकेटचा. कव्हर ड्राइव्ह चालेल, हुक मारायचा नाही, असा घरात कायदा आहे.

फिरत वापरायचं तर साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे साडेसहा फुटांचा चौकोन. वन बीएचकेच्या हॉलमध्ये दिवाण, टीव्ही युनिट आणि टीपॉय यांच्यातून एवढा चौकोन काढायचा तर अर्धं घर हलवावं लागतं. मग आपण म्हणतो उद्या बघू. जाहिरातीतल्या हॉलमध्ये फर्निचर का नसतं ते मला आता कळलंय. बसून वापरायचे प्रकार आम्ही जास्त करतो: बुद्धिबळ, व्हिडिओ, चित्रं रंगवणं. एक गोष्ट मात्र विकत घ्यायच्या आधी समजून घ्या. ३६० अंशांचा व्हिडिओ म्हणजे खरा व्हीआर नव्हे. त्यात मान फिरवता येते, पण एक पाऊल पुढे टाकलं तरी तुम्ही कॅमेऱ्याच्याच जागी राहता. यूट्यूबवरचा बराचसा माल हा आहे.

पावसाळ्याबद्दल कुठल्याच परदेशी परीक्षणात काही लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. जुलैत बाहेरून आल्या आल्या डोक्यावर चढवला की भिंगांवर वाफ धरते. चेहरा पुसून, थोडा वेळ पंख्याखाली बसून मगच घालायचा. सोबत आलेला फोम घाम पितो आणि दोन आठवड्यांत त्याला वास येतो. धुता येणारं सिलिकॉनचं कव्हर लगेच घ्या, लॅमिंग्टन रोडला सहज मिळालं. कॅमेऱ्याच्या भिंगांना मुंबईत बुरशी धरते हे फोटोग्राफर मंडळींना माहीत आहे. त्याच भीतीने मी हेडसेट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते, आणि अजून तरी भिंगं स्वच्छ आहेत. पुसायला फक्त कोरडं मायक्रोफायबर, स्पिरिट नको. आणि खिडकीत ठेवू नका. भिंगावर थेट ऊन पडलं तर ते स्क्रीनवर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो. पश्चिमेची खिडकी असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता ज्यासाठी हे यंत्र माझ्याकडे टिकलं ते. गिरगावातल्या एका चाळीच्या पुनर्विकासात काही कुटुंबांच्या नव्या घरांची आतली रचना आमच्याकडे आहे. नकाशे सगळ्यांनी पाहिले होते, सह्याही झाल्या होत्या. पण नकाशा वाचता येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि बहुतेक जण माना डोलावतात ते संकोचाने. मी घरांचं थ्रीडी मॉडेल हलकं करून हेडसेटमध्ये टाकलं आणि एका रविवारी तिथे घेऊन गेले. सत्तरी ओलांडलेल्या एक काकू होत्या. “अगं, हे शिरस्त्राण मला कशाला? पोरांना दे,” म्हणत बसल्या खुर्चीत. नातू मोबाइलवर बघत होता काकूंना काय दिसतंय ते. हॉल बघून झाला, देव्हाऱ्याची जागा पसंत पडली. मग मी त्यांना हात धरून उभं केलं आणि स्वयंपाकघरात नेलं. काकूंनी समोर हात पुढे केला, तळवे हवेत सपाट ठेवले आणि कोपरं वर उचलली. “ओटा उंच झालाय. इथे पोळ्या लाटायच्या म्हणजे खांदे भरून येतील माझे.”

ओटा ३४ इंचांचा होता, नेहमीचाच. काकू जेमतेम चार फूट दहा इंच. कागदावर ३४ हा आकडा त्यांनी कितीदा तरी पाहिला असेल, पण तो आकडा त्यांच्या कोपरापर्यंत पोचलाच नव्हता. आम्ही तो ३१ वर आणला. त्याच फेरीत त्यांच्या सुनेने न्हाणीघराचं दार बेसिनला अडतंय हेही दाखवलं.

हे जमतं कारण व्हीआरमध्ये मीटर म्हणजे मीटरच असतो. जमिनीपासून डोळे किती उंचावर आणि दोन डोळ्यांत अंतर किती, यावर सगळं माप ठरतं. म्हणून क्लायंटला दाखवण्याआधी मी दोन गोष्टी दर वेळी तपासते. कंट्रोलर फरशीला टेकवला की आतही तो फरशीलाच टेकलेला दिसला पाहिजे. आणि भिंगांमधलं अंतर त्या माणसाच्या डोळ्यांप्रमाणे जुळवायचं, नाहीतर चित्र पुसट होतं आणि आकारांचा अंदाजही बिघडतो. तरीही सगळ्यावर भरवसा ठेवू नये. व्हीआरमध्ये लांबची अंतरं माणसाला खऱ्यापेक्षा थोडी कमीच वाटतात, यावर बरंच संशोधन झालेलं आहे. त्यात हेडसेटमधून एका वेळी साधारण १०० ते ११० अंशांचंच दिसतं, तर उघड्या डोळ्यांना जवळपास २००. त्यामुळे ‘हॉल लहान वाटतोय’ असं कुणी म्हटलं की मी टेप काढते आणि त्यांच्याच जुन्या खोलीत तेवढं अंतर मोजून दाखवते. ओट्याची उंची, कपाटाचं हँडल, दाराची दिशा, जिन्याखालून डोकं लागतंय का, अशा हाताच्या अंतरावरच्या गोष्टींना मात्र याच्या तोडीचं दुसरं साधन मी तरी पाहिलेलं नाही.

ज्याला उपाय नाही असं एकच दुखणं आहे, ते डोळ्यांचं. वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंगही जवळचं फोकस करतं. व्हीआरमध्ये डोळे आत वळतात पण फोकस मात्र त्या दोनेक मीटरवरच अडकलेला. मेंदूला ही फारकत सवयीची नाही. म्हणून नाकासमोर धरून काही वाचलं की डोळे आंबतात. सध्याच्या बाजारातल्या हेडसेटमध्ये हे सुटलेलं नाही, नवीन मॉडेल घेतल्याने फरक पडणार नाही. मी अर्ध्या तासाने काढून ठेवते. बॅटरी तशीही दोन तासांच्या पुढे जात नाही. मुलांच्या बाबतीत मेटाने, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकने, २०२३ मध्ये किमान वय १३ वरून १० वर आणलं, तेही पालकांच्या ताब्यातल्या खात्यावर. आमच्या घरी भाचा आठ वर्षांचा आहे, त्याचा रुसवा आम्ही सहन करतो.

घ्यायचाच असेल तर आधी मॉलमधल्या गेम झोनमध्ये जाऊन बघा, पण रोलर कोस्टर नको म्हणून सांगा, काहीतरी उभ्याने खेळायचं द्या म्हणा. स्वतःचा चष्मा घालूनच बघा. घरी येऊन टेपने साडेसहा फुटांचा चौकोन मोजा, पंख्याची पाती किती उंचीवर आहेत तेही बघा. चौकोन निघत नसेल आणि बसून व्हिडिओच बघायचे असतील तर त्याच पैशांत मोठा टीव्ही येतो आणि तो सगळ्यांना एकत्र बघता येतो. आर्किटेक्ट, इंटिरिअरवाले, मॉड्युलर किचन करणारे असाल तर घ्या, आणि मॉडेल जड असतील तर ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीला जोडायची तयारी ठेवा. हेडसेटचा प्रोसेसर शेवटी मोबाइलच्याच जातीचा, पूर्ण इमारतीचं मॉडेल टाकलं की तो मान टाकतो.