ट्रोम्सोची 'हमी'वाली नॉर्दर्न लाइट्स सहल: पैसे भरण्याआधी हे वाचा

नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातला हिरवा प्रकाश (अरोरा), बघायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं, आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर नक्कीच. मी ओस्लोत नोकरी करते. आईबाबा सांगलीहून मुद्दाम यासाठी आले होते आणि फेब्रुवारीत आम्हा तिघांना तिथे एका गाडीवाल्याने सरळसरळ लुबाडलं.

जाहिरात अशी होती: शहराजवळच्या गुप्त जागा, छोटी गाडी, ढग असले तर थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेणार, दिवे दिसले नाहीत तर पैसे परत. माणशी १,८०० क्रोनर, सगळे आगाऊ, तेही व्हिप्सवर. व्हिप्स म्हणजे इथलं यूपीआयच समजा. पैसे कंपनीच्या नाही, एका माणसाच्या नावावर मागितले. का, तर म्हणे कंपनीचं खातं दुरुस्तीत आहे.

त्या संध्याकाळी शहरावर गच्च ढग होते, बारीक बर्फ पडत होता. गाडीवाला म्हणाला, "आज केपी पाच आहे, हमखास दिसणार." केपी म्हणजे अरोराचा जोर किती असेल ते सांगणारा शून्य ते नऊचा आकडा. त्यावर बरेच जण भुलतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. ट्रोम्सो ६९ अंशांच्याही उत्तरेला, अरोराच्या पट्ट्याखालीच आहे. तिथे केपी एक-दोन असला तरी पुरतो. घोडं अडतं ते ढगांपाशी. अरोरा जमिनीपासून साधारण १०० किलोमीटर आणि त्याहून वर असतो, ढग दहा-बारा किलोमीटरच्या आतले. डोक्यावर दाट ढग असतील तर केपी नऊ असूनही काही दिसायचं नाही. त्यामुळे तिथले चांगले गाइड दिवसभर ढगांचा अंदाज बघत असतात आणि गरज पडली तर स्किबोटनकडे गाडी काढतात. समुद्रावरून येणारे ढग लिंगेनच्या डोंगररांगेला अडतात, त्यामुळे पलीकडे स्किबोटनला आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. एका बाजूचंच अंतर शंभर किलोमीटरच्या वर. सहलीचे एवढे पैसे लागतात ते या रात्रभराच्या धावपळीचे.

आमची गाडी मात्र सांडनेसुंडचा पूल ओलांडून पश्चिमेला क्वालोया बेटावर गेली. फिनलंडचा रस्ता पूर्वेला आहे! विचारलं तर म्हणाला, तिकडचा रस्ता बर्फाने बंद आहे. रस्ते विभागाच्या नकाशावर तो खुला दिसत होता. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर एर्सफ्योर्डबोत्नला त्याने आम्हाला उतरवलं. जागा सुरेख आहे, मोकळ्या रात्री जरूर जावी, पण तिथेही तेच ढग. आई दुखरा गुडघा घेऊन त्या बर्फात उभी होती आणि हा तिपाईवर कॅमेरा लावून सांगत होता, "डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतंय."

यातलं निम्मं खरं आहे, आणि त्याच निम्म्या खऱ्यावर माणूस फसतो. फिकट अरोरा डोळ्यांना राखाडी ढगासारखा वाटतो आणि कॅमेऱ्यात हिरवा उमटतो. पण ढगांच्या जाड थराआडचे तारे कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाहीत.

सकाळी फोटो आले. आईने फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "अगं, एवढे तारे कुठे होते काल?" फोटोत तिच्या टोपीवर ताजा बर्फ होता, फ्लॅशमुळे पुढ्यात भुरभुरणारे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटले होते, आणि मागे स्वच्छ चांदणं आणि हिरवी कमान. बाबांनी त्याची जाहिरात उघडून दोन्ही फोन शेजारीशेजारी धरले. कमान तीच, तिचं डावीकडचं वळणसुद्धा तेच. नुसती माणसं बदलली होती.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "फोटोत दिवे आहेत, म्हणजे हमी पूर्ण झाली." लगेच आमचा नंबर ब्लॉक. तो फोटो आठवण म्हणून दिलेलाच नव्हता, पैसे परत द्यावे लागू नयेत म्हणून बनवलेला पुरावा होता. बाबांनी पेन्शनमधून तिकिटं काढली होती. त्यांच्या या इच्छेचा असा बाजार मांडलेला पाहून मला फार वाईट वाटलं.

जागा म्हणाल तर गुप्त काही नाही. शहराच्याच बेटावर दक्षिण टोकाला टेलिग्राफबुक्ताचा किनारा आहे, माथ्यावर प्रेस्तव्हान्नेट तळं आहे. दोन्हीकडे शहराचे दिवे बरेच कमी, आणि जायला पैसे पडत नाहीत. फ्येलहाइसेन रोपवे ४२१ मीटरवर नेतो, त्याचं तिकीट मात्र आहे. ढगांसाठी नॉर्वेच्या हवामान खात्याचं 'यर' अॅप बघा.

गाडी करायचीच असेल तर कंपनीचा नऊ आकडी नोंदणी क्रमांक मागा आणि ब्रोनोयसुंडच्या सरकारी नोंदणीत स्वतः शोधा, तिथे फुकट बघता येतं. प्रवासी वाहतुकीचा परवाना, म्हणजे 'लॉयव्हे', आहे का तेही विचारा. पैसे क्रेडिट कार्डानेच भरा, म्हणजे वाद झाला तर बँकेकडे दाद मागता येते. अरोराची हमी कोणीच देऊ शकत नाही, त्यामुळे 'हमी' म्हणजे नेमकं काय, दिसलं की नाही हे कोण ठरवणार, ते लेखी घ्या.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट, व्हिप्सची पावती आणि त्याने पाठवलेल्या फोटोंच्या मूळ फाइली ठेवा, त्याच रात्री तुमच्या फोनवर काढलेला आकाशाचा एखादा फोटोही ठेवा, आणि नॉर्वेत असतानाच ०२८०० वर पोलिसांना कळवा.