चार नवे की एक राइस?

2023च्या उन्हाळ्यात इंग्लिश फुटबॉल क्लब लिव्हरपूल आणि आर्सेनल यांच्यात कोणाची खरेदी जास्त समतोल? लिव्हरपूलची जवळपास अख्खी मधली फळी बदलली. हेंडरसन, फाबिन्यो, मिल्नर, केइटा गेले. मॅकअ‍ॅलिस्टर, सोबोस्लाई, ग्राव्हनबर्ख, एन्डो आले. चेंडू खेळवणारे तिघे, पण बचावापुढे पहारा देणारा खरा एकटा एन्डो, तोही तिशीचा!

आर्सेनलने मात्र मधल्या फळीतल्या एकट्या डेक्लन राइसवर 10 कोटी पौंड ओतले, वर बोनस वेगळा. नवा बचावपटू टिंबर प्रीमियर लीगच्या पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, नव्या हावर्ट्झची मैदानावरची जागा ठरायला महिने गेले. तरी त्या मोसमात लीगमध्ये आर्सेनलने 29च गोल खाल्ले, लिव्हरपूलने 41. सगळं श्रेय राइसचं नाही, बचावात सलिबा-गाब्रिएल जोडी होतीच. समतोलात माझं मत आर्सेनलला. अर्थात, चौघे गेल्यावर लिव्हरपूलला एकट्या राइसने भागलं नसतं.