ऊतींमधील रेणू पाहण्यासाठी: साधी रामन सूक्ष्मदर्शकी की उत्तेजित?

रंगद्रव्य न लावता ऊतीच्या छेदातील मेद आणि प्रथिने पाहू इच्छिणाऱ्या प्रयोगशाळेने प्रथम स्वतःलाच विचारावे, की आपण शोधतो आहोत तो रेणू आपल्याला आधीच ठाऊक आहे काय.

तो ठाऊक नसेल, तर साधी रामन सूक्ष्मदर्शकी घ्यावी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात दाखवलेला परिणाम (रेणूवरून विखुरताना काही प्रकाशाचा रंग रेणूच्या कंपनानुसार किंचित बदलतो) येथे जवळजवळ मूळ रूपातच वापरला जातो. एकच लेसर पुरतो आणि प्रत्येक बिंदूचा संपूर्ण वर्णपट हाती येतो, म्हणून अनपेक्षित रेणूही नजरेतून सुटत नाही. किंमत मोजावी लागते ती वेळेची. ऊतीवर पडलेल्या कोट्यवधी प्रकाशकणांपैकी एखादाच रेणूच्या कंपनाची खूण घेऊन बाहेर पडतो, त्यामुळे एका बिंदूला एक सेकंद धरला, तरी २५६ गुणिले २५६ बिंदूंच्या चित्राला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि ताजा छेद तेवढा वेळ ताजा राहत नाही.

रेणू आधीच ठाऊक असेल, तर उत्तेजित रामन सूक्ष्मदर्शकी घ्यावी. ती हार्वर्डमधील सनी शी यांच्या गटाने २००८ मध्ये मांडली. तिच्यात दोन स्पंदित लेसरांच्या वारंवारतांमधील फरक निवडलेल्या बंधाच्या कंपनाशी जुळवतात (मेदासाठी २८४५, प्रथिनांसाठी सुमारे २९३० प्रति सेंटिमीटर) आणि एका किरणातून दुसऱ्यात गेलेली अत्यल्प ऊर्जा लॉक-इन अँप्लिफायरने (गोंगाटातून ठरावीक वारंवारतेचा क्षीण संकेत वेगळा काढणाऱ्या उपकरणाने) टिपतात. वर सांगितलेले २५६ गुणिले २५६ बिंदूंचे चित्र आता काही सेकंदांत मिळते. शिवाय संकेत रेणूंच्या प्रमाणाशी सरळ बदलतो, म्हणून मोजमापही करता येते. तिच्याआधीच्या ‘कार्स’ या लेसरांवरच चालणाऱ्या दुसऱ्या रामन पद्धतीत नको असलेली पार्श्वभूमी मिसळत असल्याने हे मोजमाप अवघड होते. नव्याने खरेदी करणाऱ्याने ‘कार्स’चा फारसा विचार करू नये, असे माझे मत आहे.

रुग्णालयासाठी वेग निर्णायक ठरतो. मेंदूच्या गाठींवरील २०२० च्या एका अभ्यासात २७८ रुग्णांच्या ताज्या ऊतींची अशी चित्रे संगणकाने अडीच मिनिटांच्या आत ओळखली, अचूकता ९४.६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञांची ९३.९ टक्के होती. मात्र दोन्ही किरण अचूक एकमेकांवर बसवून ठेवणारा जाणकार माणूस हाताशी नसेल, तर हे महागडे यंत्र बहुतेक काळ बंदच राहील.

जुन्या पॅराफिन ब्लॉकमधील (मेणात बसवून जतन केलेल्या ऊतीतील) मेद पाहण्याची आशा मात्र कोणत्याही यंत्राकडून ठेवू नये, कारण ब्लॉक तयार करताना वापरलेल्या अल्कोहोल आणि झायलीन या द्रावकांमध्येच तो मेद बराचसा विरघळून गेलेला असतो.