फाइनमन आकृत्या की बीसीएफडब्ल्यू?

क्वांटम फील्ड थिअरीचा पहिला पेपर झाला की जळगाव-धुळ्याकडची मुलं विचारतात, सर, ॲम्प्लिट्यूड (कणांच्या टकरीची शक्यता ज्यावरून निघते ती संख्या) काढायला फाइनमन आकृत्याच (टकरीच्या प्रत्येक संभाव्य वाटेचं एक रेखाचित्र, त्यामागे एक गणिती पद) पक्क्या करू, की थेट स्पिनर-हेलिसिटी (कणांचे संवेग आणि स्पिनची दिशा एकत्र लिहायची रीत) आणि बीसीएफडब्ल्यू (लहान ॲम्प्लिट्यूड जोडून मोठा काढायची रीत) धरू? मी दोन्ही वाटा चाललोय, तेवढ्यावरून सांगतो.

क्यूईडीत, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाच्या सिद्धांतात, आकृत्यांना तोड नाही. कॉम्प्टनच्या (फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतो त्या) दोनच आकृत्या, एका बैठकीत सुटतात, आणि लॅग्रांजियनमधलं (सिद्धांताच्या मूळ सूत्रातलं) कोणतं पद कुठे आलं ते डोळ्यांना दिसतं.

माझं घोडं अडलं ग्लुऑनपाशी, म्हणजे क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांपाशी. एका मे महिन्यात, भुसावळच्या उन्हात, पाच ग्लुऑनचा ट्री-लेव्हल (बंद लूप नसलेला) हिशेब हाताने करायला घेतला. आकृत्या 25. त्यातल्या 15 आकृत्यांत तीन-ग्लुऑनचे तीन-तीन व्हर्टेक्स (रेषा मिळतात ते बिंदू), दर व्हर्टेक्सला सहा पदं, म्हणजे एकेका आकृतीत 216 पदं. तेही सोसलं असतं. जाच होता गेजचा, म्हणजे उत्तर न बदलता मांडणी बदलायच्या मोकळिकीचा. ध्रुवीकरण लिहिताना आपल्या मर्जीने निवडलेला संदर्भ-सदिश बदलला की प्रत्येक आकृतीची किंमत बदलते, त्यामुळे एकटी आकृती बघून बरोबर की चूक ते कळतच नाही. एक उणे चिन्ह निसटलं की ते शेवटच्या बेरजेत उघडं पडतं, आणि मग वही पुन्हा पहिल्या पानापासून. माझ्या तीन वह्या गेल्या. केळीच्या खांबाची सोपटं काढत जावीत तशी पदं गळत गेली आणि कलर (ग्लुऑनचा क्यूसीडीतला 'भार') वेगळा काढल्यावर हाती आलं ते पार्क आणि टेलर यांनी 1986 साली मांडलेलं एका ओळीचं सूत्र.

ब्रिटो, काचाझो, फेंग आणि विटेन यांच्या 2005 च्या पद्धतीत (त्यांच्या आद्याक्षरांवरूनच बीसीएफडब्ल्यू) दोन कणांचे संवेग संमिश्र संख्येने सरकवायचे. प्रत्येक पोलपाशी (जिथे किंमत अनंत होते तिथे) मोठा ॲम्प्लिट्यूड दोन लहान ॲम्प्लिट्यूडमध्ये तुटतो. हे तुकडे गेजवर अवलंबून नसतात, म्हणून जागच्या जागी तपासता येतात. शेजारचे दोन ग्लुऑन नीट निवडले तेव्हा तोच हिशेब एका पदावर आला. एक संध्याकाळ लागली.

खोट तिथेही आहे. सहा ग्लुऑनपासून सुट्या पदांत खोटे पोल डोकावतात, ते बेरजेत नाहीसे होतात. फाय-फोरसारख्या स्केलर सिद्धांतात (स्पिन नसलेल्या कणांच्या) साधं सरकवणं चालत नाही, अनंतापाशी जादा पद उरतं. लूप असलेल्या हिशेबांसाठी युनिटॅरिटीची (एकूण शक्यता एकच राहते या नियमावरची) पद्धत वेगळी शिकावी लागते. तुमचा रोख क्यूईडीकडे किंवा जड कणांकडे असेल, तर आकृत्यांपासून सुरुवात करणं कदाचित सोयीचं.

क्यूसीडी (क्वार्क-ग्लुऑनचा सिद्धांत) करायचं असेल तर मात्र मी कलर-ऑर्डरिंग (कलर वेगळा काढून ग्लुऑन ठराविक क्रमाने मांडणं) आणि बीसीएफडब्ल्यू आधी घेईन. चार ग्लुऑन दोन्ही वाटांनी सोडवून बघा. पाच ग्लुऑन आकृत्यांनी करायचेच असतील, तर संदर्भ-सदिश वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.